मधुमेह नाही, मग पहाटे साखर ४१ कशी?

पत्र थोडक्यात: यजमानांचं वय ४१. एमआयडीसीतल्या कारखान्यात पहिल्या पाळीला जातात, पहाटे नुसता चहा घेऊन मोटरसायकलवर निघतात. गेली अडीच वर्षं आठवड्यातून एकदोनदा पहाटे विचित्र वागतात. हाकेला ओ देत नाहीत, शर्ट उलटा घालतात, जीभ जड होते, एरवी कधी तोंडात न येणाऱ्या शिव्या देतात. एकदा हातही उगारला. साखरेचा चहा पाजला की पंधरा-वीस मिनिटांत माणूस पूर्ववत, आणि झालेलं काहीच आठवत नाही. दोनदा मोठी फिट आली. मेंदूचा एमआरआय स्वच्छ, ईईजीत (मेंदूच्या लहरींच्या तपासणीत) ‘किरकोळ दोष’. फिटच्या गोळ्यांचा डोस दोनदा वाढला, मानसोपचाराची गोळीही सुरू झाली, फरक नाही. वजन मात्र नऊ किलोंनी वाढलं. आषाढीच्या कडक उपासानंतर दुसऱ्या पहाटे मोठी फिट आली, म्हणून सासूबाईंना वाटतं देवाचं काही राहून गेलंय. दिरांना वाटतं, भाऊ चोरून पितो. मागच्या महिन्यात बाईंनी सासऱ्यांच्या ग्लुकोमीटरवर झटक्यातच साखर पाहिली: ४१. आणखी एकदा चहा पाजल्यावर पाहिली तेव्हा ६८. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही, एचबीए१सी ४.८ आहे, मशीन चुकलं असेल. नात्यातल्या एका नर्सने ‘इन्सुलिनोमा’ हे नाव सांगितलं. बाई विचारतात: स्वादुपिंडातल्या गाठीने डोकं कसं बिघडेल? गाठ म्हणजे कॅन्सर का? मेंदू कायमचा गेला असेल का? आणि ‘मला काही झालेलं नाही’ म्हणणाऱ्या नवऱ्याला न्यायचं कुणाकडे?

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलीत. ४१ हा आकडा. तिथूनच सुरुवात करू.

‘मधुमेह नाही, मग साखर बघायची कशाला’ हा समज घरांत आहे तसा दवाखान्यांतही आहे. एचबीए१सी ही साधारण तीन महिन्यांची सरासरी असते. आठवड्यातून दोनदा तासभर साखर पडली, तर ती त्या सरासरीत बुडून जाते. फार तर आकडा थोडा खालचा येतो आणि ‘उत्तम’ म्हणून फाइलला लागतो. साखर खाली जाण्याचा आजार या तपासणीने सापडत नाही आणि निकालातही निघत नाही.

मशीन चुकतं का? चुकतं. घरगुती ग्लुकोमीटरसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात १०० च्या खालचा आकडा प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा १५ पर्यंत इकडेतिकडे चालतो, आणि तेही शंभरातल्या ९५ वेळाच. म्हणजे तुमच्या ४१ च्या जागी खरा आकडा २६ पासून ५६ पर्यंत कुठेही असू शकतो. पण वरचं टोक धरलं तरी, भ्रमिष्टासारख्या वागणाऱ्या माणसाची साखर ५६ असणं ही सोडून देण्याची बाब नाही. पट्ट्यांची मुदत संपलेली नाही ना, डबी उघडी राहिलेली नाही ना, एवढं पाहून घ्या. ६८ हा दुसरा आकडा विसरा. चहानंतर घेतलेल्या आकड्यावरून झटक्यात साखर किती होती ते कळत नाही.

आता तुमच्या तर्काची उलटतपासणी करतो, कारण तज्ज्ञही तेच विचारतील. ‘चहा पाजला की बरं वाटतं’ हा पुरावा वाटतो तितका पक्का नाही. साध्या अपस्माराची फिट येऊन गेल्यावरही माणूस गोंधळलेला असतो आणि बऱ्याचदा पंधरा-वीस मिनिटांत आपोआप ताळ्यावर येतो. त्याच वेळी पोटात गेलेल्या चहाला फुकटचं श्रेय मिळतं. उलट बाजूही आहे. मोठी फिट येते तेव्हा शरीरात ॲड्रेनलिनसारखी संप्रेरकं उसळतात आणि साखर वर ढकलतात. म्हणून फिट थांबल्यावर घेतलेली साखर ८०-९० आली, तरी फिट साखर पडल्यामुळे आली नव्हती असं म्हणता येत नाही. न्यूयॉर्कचे शल्यविशारद ॲलन व्हिपल यांनी १९३० च्या दशकात यासाठी तीन अटी घातल्या. लक्षणं साखर पडल्याची असावीत, त्याच वेळी रक्तात साखर खरोखर कमी मोजली गेलेली असावी, आणि साखर वर आणताच लक्षणं जावीत. तिन्ही एकाच झटक्यात जुळायला हव्यात. तुमच्याकडे पहिली आणि तिसरी अनेकदा जुळलेली आहे. दुसरी एकदाच, तीही घरच्या मीटरवर. पुढची सगळी धडपड त्या दुसऱ्या अटीसाठी करायची आहे.

स्वादुपिंडातल्या गाठीने डोकं का बिघडतं, ते नीट समजून घ्या, कारण यातच तुमच्या घरातल्या अर्ध्या वादांची उत्तरं आहेत.

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण खर्च एकूण ऊर्जेच्या पाचव्या हिश्शाचा. त्याला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं, म्हणजे तासाला साधारण ५ ग्रॅम. सगळ्या रक्तात मिळून कुठल्याही क्षणी ग्लुकोज असतं तेवढंच, चहाच्या चमच्याभर. साठवून ठेवायला मेंदूत जागा जवळजवळ नाही. मग रात्रभर आपण काही खात नाही तेव्हा मेंदू चालतो कशावर? यकृत आपल्या साठ्यातून थोडं थोडं ग्लुकोज सोडत राहतं, त्यावर. हे घडावं म्हणून निरोगी माणसात रात्री इन्सुलिन अगदी तळाला जातं.

इन्सुलिनोमा ही इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचीच गाठ. साखर कमी झाली तरी ती हात आखडत नाही. धान्याची कोठी भरलेली आहे, पण दाराला कुलूप आहे, अशी यकृताची गत होते. एवढ्यावर भागत नाही. उपास लांबला की एरवी शरीर चरबी जाळून कीटोन बनवतं आणि मेंदू त्यावरही चालतो. इन्सुलिन चरबीचं विघटनही रोखतं, म्हणजे मागच्या दाराने येणारा हा शिधाही बंद. म्हणून निरोगी माणूस निर्जळी करून, साखर साठीत आली तरी, देवळात उभा राहू शकतो, आणि हा आजार असलेला माणूस एका रात्रीतच कोसळतो. आषाढीनंतरच्या फिटचा अर्थ इथे लागतो. (साबुदाण्याची खिचडी आणि रताळी खाऊन केलेली एकादशी या हिशेबात उपासच नव्हे. तेव्हा ‘मग महाशिवरात्रीला कसं काही झालं नाही?’ असं कुणी विचारलं, तर फराळाचं ताट आठवा.)

मेंदूला इंधन कमी पडलं की सगळे भाग एकदम बंद होत नाहीत. विचार, संयम, बोलणं, प्रसंगाचं भान ही वरच्या थराची कामं आधी ढासळतात. त्यामुळे माणूस चालतो, दार उघडतो, शिवी देतो, पण आपण काय करतोय हे त्याला उमगत नाही. दृष्टी धूसर होते, एकाची दोन दिसतात, जीभ अडखळते. क्वचित एका बाजूचा हातपाय लुळा पडून पक्षाघाताचा भास होतो. नव्या आठवणी साठवणारा भाग, हिप्पोकॅम्पस, साखरेच्या कमतरतेला फार हळवा असतो. झटक्यातलं त्यांना काही आठवत नाही यात लपवाछपवी नाही. ती आठवण साठवलीच जात नाही. दारू प्यायलेला माणूस आणि साखर पडलेला माणूस बाहेरून सारखे दिसतात, त्यामुळे दिरांचा संशय समजू शकतो. तो मिटवायला मीटरची एक पट्टी पुरते.

‘पण घाम नाही, थरथर नाही, मग साखर कशी पडली?’ असं तुम्हाला कुणीतरी म्हणेलच. साखर पहिल्यांदा पडते तेव्हा घाम, धडधड, भूक ही धोक्याची घंटा आधी वाजते आणि मेंदूचा गोंधळ नंतर येतो. वारंवार पडू लागली की शरीर त्या घंटेची पातळी खाली खाली नेतं. शेवटी क्रमच उलटतो, आधी माणूस बहकतो आणि घाम आला तर मागाहून. इन्सुलिनोमाच्या रुग्णांवरचा १९९३ चा एक अभ्यास आहे. गाठ काढल्यानंतर ही हरवलेली घंटा पुन्हा वाजू लागली, असं त्यात दिसलं.

तरीही लगेच ‘इन्सुलिनोमाच’ म्हणून बसू नका. हा आजार दहा लाखांत वर्षाला एक ते चार जणांना होतो. त्याच्याआधी तुमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळाकडे पाहा. सासऱ्यांना मधुमेह आहे. त्यांच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड यांपैकी काही आहे का? ही औषधं स्वादुपिंडाकडून जबरदस्तीने इन्सुलिन सोडवून घेतात, आणि रक्ताच्या अहवालात त्यांचा परिणाम हुबेहूब इन्सुलिनोमासारखा दिसतो. एकाच डब्यात दोघांच्या गोळ्या, सारखी दिसणारी पाकिटं, दुकानदाराने दिलेली भलतीच पट्टी, यातलं काहीही घडू शकतं. आजच दोन्ही डबे वेगळे करा. यजमानांच्या प्रत्येक गोळीची पट्टी मागूनपुढून फोटो काढून ठेवा.

‘ताकदीच्या’ पुड्या, गोळ्या, काढे चालू असतील तर तेही लिहा, लाज न बाळगता. २००८ मध्ये सिंगापूरला मधुमेह नसलेले पुरुष साखर पडून दवाखान्यांत दाखल होऊ लागले. पुरुषशक्तीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड मिसळलेलं निघालं. हातापायांच्या मुंग्यांसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत अल्फा लिपोइक ॲसिड असतं. त्याने काही लोकांत इन्सुलिनविरोधी प्रतिपिंडं तयार होतात आणि साखर पडू लागते. या आजारावर शस्त्रक्रिया लागत नाही, बहुधा गोळी बंद करून भागतं. ॲड्रिनल ग्रंथी मंदावणं, यकृत-मूत्रपिंडाचे आजार, रिकाम्या पोटी दारू ही आणखी कारणं. त्यांची तपासणी कुठल्याही चांगल्या फिजिशियनकडे होते.

आता पुरावा कसा धरायचा ते सांगतो.

झटका दिसला की आधी बोटाची पट्टी. हाताला गूळ-साखर लागलेली नको, ओल्या फडक्याने बोट पुसून कोरडं करा. याला अर्धं मिनिट पुरतं. मशीन सापडत नसेल तर शोधत बसू नका, साखर आधी. चहाच्या चमच्याने सपाट चार चमचे साखर अर्धा पेला पाण्यात ढवळून, माणूस गिळू शकत असेल तरच, घोट घोट पाजा. पेढा, लाडू, चॉकलेट नको. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. सासऱ्यांची शुगर-फ्रीची गोळी घातलेला चहा चुकूनही नको. घाईत ही अदलाबदल होते आणि उपयोग शून्य. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. सत्तरच्या वर नसेल तर तेवढंच पुन्हा द्या. वर आली की पोळी-भाजी, दूध, शेंगदाणे असं काही टिकाऊ खायला घाला. नुसत्या साखरेने गाठ आणखी इन्सुलिन सोडू शकते आणि तासाभरात दुसरी घसरण होते. नंतर वहीत चार गोष्टी लिहा: वेळ, रात्रीचं शेवटचं खाणं कधी आणि काय, आधीचा आकडा, नंतरचा आकडा. महिनाभराच्या नोंदी डॉक्टरांना बरंच काही सांगून जातात. झटके बहुतेक वेळा पहाटे, जेवण चुकल्यावर किंवा अंगमेहनतीनंतर येत असतील तर त्यालाही अर्थ आहे.

बेशुद्ध असतील किंवा फिट चालू असेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणी नाही, चमचा नाही, कांदा-चप्पल नाही. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. येणाऱ्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा: ‘आधी शुगर बघा, यांची साखर पडते.’ शिरेतून ग्लुकोज देण्याआधी रक्ताच्या नळ्या भरून घेता आल्या तर सोन्याहून पिवळं. पण त्यासाठी ग्लुकोज एक मिनिटही अडवायचं नाही.

पुरावा मिळावा म्हणून घरी उपाशी ठेवण्याचा विचार मनात येईल. नको. उपाशी ठेवण्याची चाचणी आहे, पण ती दवाखान्यात, शिरेत सुई लावून, नर्सच्या नजरेखाली करायची असते. तिला ७२ तासांची उपास-चाचणी म्हणतात. पाणी आणि बिनसाखरेचं पेय चालतं, जागेपणी थोडं हिंडायचं असतं. दर सहा तासांनी रक्त घेतात, साखर ६० च्या खाली आली की दर एकदोन तासांनी. ‘तीन दिवस’ ऐकून घाबरू नका. इन्सुलिनोमा असेल तर सुमारे तिघांतल्या एकाला पहिल्या १२ तासांतच लक्षणं दिसतात आणि बहुतेकांचा निकाल २४ तासांत लागतो. यजमानांचा त्रास एका रात्रीतच होतो, तेव्हा काही डॉक्टर आधी नुसत्या रात्रीच्या उपासानंतर पहाटे रक्त घेऊन पाहतील. तेही योग्यच.

या चाचणीची मेख एकाच गोष्टीत आहे. साखर ५५ च्या खाली असताना काढलेल्या रक्तातच इन्सुलिन मोजायचं. ९० साखर असताना केलेली महागडी इन्सुलिनची तपासणी म्हणजे पैसे पाण्यात. एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शनानुसार ५५ च्या खाली साखर असताना इन्सुलिन ३ किंवा जास्त, सी-पेप्टाइड ०.६ किंवा जास्त निघालं, तर शरीर स्वतःच गरज नसताना इन्सुलिन बनवतंय असं ठरतं. गंमत अशी की इन्सुलिन ६ किंवा ८ आलं तर लॅबचा कागद ते ‘नॉर्मल’ मध्ये छापतो, कारण छापील मर्यादा नेहमीच्या उपाशी माणसाची असते. साखर ४२ असताना इन्सुलिन ८ हे नॉर्मल नाही, जवळजवळ शून्य असायला हवं. सी-पेप्टाइड हा शरीर इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत सुटणारा तुकडा. तो यासाठी मोजायचा की बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. सोबत प्रोइन्सुलिन (इन्सुलिनचं कच्चं रूप), बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हा कीटोन, सल्फोनिलयुरिया म्हणजे वरच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा शोध आणि इन्सुलिनच्या प्रतिपिंडांची तपासणी हवी. गोळ्यांचा शोध प्रत्येक लॅबमध्ये होत नाही, नमुना जपून बाहेर पाठवावा लागतो. ते आधीच विचारून ठेवा, कारण हीच तपासणी सर्रास राहून जाते. शेवटी १ मिलिग्रॅम ग्लुकागॉन, म्हणजे साखर वाढवणारं संप्रेरक, शिरेतून देतात. अर्ध्या तासात साखर २५ किंवा अधिक वर उसळली, तर यकृतात साठा होता आणि इन्सुलिननेच तो अडवून धरला होता, हे दिसतं.

एक किरकोळ वाटणारी चूक इथे सगळं बिघडवते. रक्त काढून नळी तासन् तास तशीच पडली, तर नळीतल्या पेशीच साखर खात राहतात आणि आकडा खोटा कमी येतो. साखरेसाठी राखाडी टोपणाची, फ्लोराइडची नळी आणि वेळेत लॅबमध्ये रवानगी, एवढी चौकशी करायला हरकत नाही.

कुणाकडे जायचं? एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे संप्रेरकांच्या तज्ज्ञाकडे. मुंबईत परळच्या केईएमसारख्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत हा स्वतंत्र विभाग आहे, मोठ्या शहरांतल्या खासगी रुग्णालयांतही असतो. न्यूरॉलॉजिस्ट आणि मनोविकारतज्ज्ञ यांना सोडायचं नाही. त्यांना आकड्यांची वही दाखवायची. फिटच्या गोळ्या तर स्वतःच्या मनाने मुळीच बंद करू नका. अचानक बंद केल्या तर त्यानेच मोठी फिट येऊ शकते, आणि साखर पडण्याचा आजार असलेल्या माणसाला खरा अपस्मारही असू शकतो. ईईजीतल्या ‘किरकोळ दोषा’ने फार काही सिद्ध होत नाही. साखर कमी असताना मेंदूच्या लहरी संथ होतात आणि तो दोष अपस्माराच्या खात्यावर जमा होतो.

गाठ शोधण्याची घाई करू नका, हे मुद्दाम सांगतो. लोक आधी पोटाचं सीटी स्कॅन करून येतात. त्यात काही दिसलं नाही की ‘आजार नाही’ म्हणून मोकळे होतात, आणि काही ठिपका दिसला की नको ती शस्त्रक्रिया होते. यातल्या बहुतेक गाठी २ सेंटिमीटरपेक्षा लहान असतात, काही तर वाटाण्याएवढ्या, आणि साध्या सोनोग्राफीत सहसा दिसत नाहीत. आधी रक्ताने सिद्ध, मग चित्राने शोध, हा क्रम मोडू नका. शोधासाठी स्वादुपिंडासाठीचं खास सीटी किंवा एमआरआय, नंतर तोंडावाटे दुर्बीण घालून आतून केलेली सोनोग्राफी, आणि गरज पडली तर एक्सेन्डिन पेट स्कॅन, जो देशातल्या मोजक्या केंद्रांतच होतो.

कॅन्सरची भीती: दहांतल्या नऊ इन्सुलिनोमा साध्या असतात, एकट्याच असतात, शरीरात पसरत नाहीत. पहिली अशी यशस्वी शस्त्रक्रिया १९२९ मध्ये टोरांटोला रॉस्को ग्रॅहम यांनी केली, म्हणजे इन्सुलिनचा शोध लागून दशकही उलटलं नव्हतं. आज बऱ्याचदा दुर्बिणीतून नुसती गाठ सोलून काढता येते. ती स्वादुपिंडाच्या नळीला चिकटलेली असेल तर तेवढा भाग काढावा लागतो. नंतरची ठरावीक अडचण म्हणजे स्वादुपिंडाचा रस झिरपणं. त्यासाठी काही दिवस ते काही आठवडे नळी ठेवावी लागू शकते. म्हणून स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया नेहमी करणारा सर्जन शोधा, जवळचा कुणी नव्हे. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस साखर उलट वाढते. दबून राहिलेल्या निरोगी पेशी जाग्या व्हायला वेळ लागतो, तो मधुमेह समजू नका. शस्त्रक्रिया शक्य नसेल किंवा लांबली तर डायझॉक्साइड, ऑक्ट्रिओटाइड अशी औषधं आहेत. ऑक्ट्रिओटाइडने काहींची साखर आणखी पडते, म्हणून पहिला डोस दवाखान्यातच. घरात कुणाला मुतखडे, कॅल्शियम वाढणं किंवा पिट्युटरी ग्रंथीची गाठ असेल तर आवर्जून सांगा. एका आनुवंशिक आजारात हे सगळं एकत्र येतं. खर्चाचं म्हणाल तर, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. दाखल होण्याआधी त्यांना कागद दाखवून काय बसतं ते विचारा.

मेंदू गेला का? बहुधा नाही. मेंदूच्या पेशीचं काम थांबणं आणि पेशी मरणं यांत मोठं अंतर असतं. साखर ४० ला आली की काम बिघडतं. पेशी मोठ्या संख्येने मरायला लागतात त्या साखर त्याहून पुष्कळ खाली, साधारण २० च्या आसपास किंवा खाली जाऊन तिथे बराच वेळ राहिली आणि माणूस गाढ बेशुद्धीत गेला तर. तेव्हा हिप्पोकॅम्पस आणि मेंदूचा बाहेरचा थर यांना सर्वाधिक इजा होते. तुमच्या यजमानांचे झटके अर्ध्यापाऊण तासात उतरतात, एमआरआय स्वच्छ आहे. दोन्ही गोष्टी दिलासा देणाऱ्या आहेत. मधुमेहाच्या टाइप १ रुग्णांवर अमेरिका-कॅनडात झालेल्या मोठ्या अभ्यासात १८ वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही, साखर वारंवार गंभीररीत्या पडलेल्यांची बुद्धी इतरांपेक्षा घटल्याचं दिसलं नाही. पण ते रुग्ण तरुण होते आणि त्यांचा आजार वेगळा, तेव्हा यावर विसंबून निवांत बसू नका. वर्षानुवर्षं निदान न झालेल्या काही इन्सुलिनोमाच्या रुग्णांत स्मरणशक्तीची उणीव गाठ काढल्यावरही राहते. त्याहून जवळचा धोका पहाटेच्या मोटरसायकलचा आहे.

ती गाडी आजपासून बंद. निदान होईपर्यंत कंपनीच्या बसने किंवा सहकाऱ्याच्या मागे बसून, आणि चालत्या यंत्रापाशी एकट्याने काम नको. फिजिशियनकडून दोन ओळींची चिठ्ठी घ्या: ‘साखर कमी होण्याच्या त्रासाची तपासणी सुरू आहे, तूर्त जनरल शिफ्ट द्यावी.’ अपस्मार, मानसिक असे शब्द त्यात लागतच नाहीत. पाळीतल्या एका विश्वासू माणसाला साखरेच्या दोन पुड्या देऊन ठेवा. हा विचित्र बोलू लागला तर वाद घालू नकोस, पाण्यात घालून पाज, एवढंच सांगा.

तोवर खाण्याचं: रात्री निजताना भाकरी-दूध किंवा तसं काहीतरी, आणि डॉक्टर म्हणाले तर न शिजवलेलं कॉर्नफ्लोअर थंड दुधात किंवा ताकात कालवून. ते पोटात सावकाश विरघळतं आणि काही तास साखर सोडत राहतं. गरम केलं की तो गुण जातो. पहाटे निघण्याआधी खाणं सक्तीचं, नुसता चहा नाही. दर दोन-तीन तासांनी खाल्ल्याने वजन वाढतं, नऊ किलोंचं कारण बहुधा तेच, पण सध्या त्याकडे काणाडोळा करा. परवडत असेल तर दंडावर लावायचा ग्लुकोजचा सेन्सर रात्री भोंगा वाजवून जागं करतो. निदानासाठी त्याचा आकडा चालत नाही. तो मागाहून धावतो आणि त्या कुशीवर झोपलं की उगाच कमी दाखवतो.

सासूबाईंशी वाद नको. पूजा, नैवेद्य, वारी सगळं करू द्या. यजमानांचा उपास मात्र निदान होईपर्यंत नाही, ‘डॉक्टरांनी मना केलाय’ म्हणून सांगा.

यजमानांना पटवताना ‘तुम्ही असं वागता’ हे वाक्य टाळा. त्यांच्यापुरतं ते खोटंच आहे, त्यांच्या आठवणीत तसं काही नाही. बरे असताना विचारा, ‘पुढच्या वेळी तुमचा व्हिडिओ काढू का? फक्त तुम्हाला आणि डॉक्टरांना दाखवीन.’ हो म्हणाले तर कुणा तिसऱ्याला मीटर धरायला लावून मिनिटभराचं चित्रण करा, चेहरा आणि आकडा दोन्ही दिसतील असं. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते कधीच जाऊ देऊ नका. आणि हात उगारण्याबद्दल: झटक्यात ते तुम्हाला ओळखतही नसतात, तेव्हा समोरून पेला पुढे न करता बाजूने जा, मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा, आवरेनासे झाले तर शेजाऱ्यांना हाक मारा. झटका नसताना, साखर नीट असतानाही कुणी हात उचलत असेल, तर तो प्रश्न निराळा आहे आणि त्याला गाठीचं कारण लावू नये.

भेटीला जाताना वही, गोळ्यांचे फोटो आणि व्हिडिओ यांच्याबरोबर दोन्ही मोठ्या फिटच्या वेळची डिस्चार्ज कार्डं न्या. आपत्कालीन विभागात पोहोचल्यावरची पहिली ‘आरबीएस’, म्हणजे त्या वेळची रक्तातली साखर, त्यावर कुठेतरी लिहिलेली असते. कधी पहिल्याच पानावर, कधी नर्सच्या तक्त्यात. कार्डावर नसेल तर रुग्णालयाच्या नोंदणी विभागात अर्ज करून केसपेपरची प्रत मागा, तो रुग्णाचा हक्क आहे. तो आकडा किती होता, आणि त्याच्या आधी ग्लुकोजचं सलाइन लावलं होतं की नंतर, या दोन गोष्टी शोधून त्यांच्याखाली लाल शाईने रेघ मारा.